ताप गेला तरी गोळ्या संपवायच्या: प्रायमाक्विनचे १४ दिवस

गेल्या वर्षी पाऊस ओसरत असताना समोरच्या बांधकामावरचा वॉचमन दुकानात आला. जालन्याकडचा माणूस, वर्षभरातला तिसरा मलेरिया. रिपोर्ट काउंटरवर ठेवत म्हणाला, "साहेब, इथले डासच वाईट." मी विचारलं, "मागच्या वेळच्या गोळ्या संपवल्या होत्या का?" त्याने खिशातून रेल्वेच्या पासाचं प्लास्टिकचं पाकीट काढलं. पासाच्या मागे स्ट्रिपचा कापलेला तुकडा: नऊ गोळ्या, फॉइल घासून घासून अक्षरं पुसलेली. "चार-पाच दिवसांत ताप गेला. गावाहून भाऊ येणार होता, त्याला लागल्या तर असू द्याव्यात म्हणून ठेवल्या."

डासांना मी निर्दोष म्हणणार नाही. पण तिसऱ्या मलेरियाचा माझा पहिला संशय त्या नऊ गोळ्यांवर होता. त्या प्रायमाक्विनच्या होत्या, मलेरिया परत येऊ नये म्हणून देतात त्या.

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. औषध द्यायचं की नाही आणि किती, हे ठरवणं डॉक्टरांचं काम, आणि चिठ्ठीशिवाय प्रायमाक्विन मी देतही नाही. पण गोळ्या घरी गेल्यावर काय करायचं, काय बघायचं, कधी थांबायचं, हे समजावून सांगायला गर्दीच्या ओपीडीत कुणाकडे वेळ नसतो. म्हणून हे लिहितोय.

आधी रिपोर्टवरची दोन अक्षरं बघा

रिपोर्टवर 'पीव्ही' असतं किंवा 'पीएफ', क्वचित दोन्ही. पीव्ही म्हणजे प्लाझमोडियम व्हायव्हॅक्स, पीएफ म्हणजे प्लाझमोडियम फाल्सिपेरम. दोन्ही मलेरियाच, पण परजीवी वेगळे आणि प्रायमाक्विन देण्याचं कारणही वेगळं. मुंबई आणि गोव्याकडे व्हायव्हॅक्स जास्त दिसतो, गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात फाल्सिपेरमचा जोर असतो. नुसतं 'एमपी पॉझिटिव्ह' (म्हणजे मलेरियाचा परजीवी सापडला) लिहिलेलं असेल तर लॅबला फोन करून जात विचारून घ्या. काचपट्टीवर थेंब घेऊन केलेली तपासणी असो की रॅपिड टेस्ट, रिपोर्ट हातात नसताना "थंडी वाजून ताप आलाय, मलेरियाच असणार" म्हणून कोर्स सुरू करू नका. पावसाळ्यात डेंग्यू, लेप्टो, टायफॉइड सगळेच तापाचे पाहुणे असतात.

पुढचं बहुतेक सगळं व्हायव्हॅक्सबद्दल आहे, कारण १४ दिवसांची भानगड तिथेच आहे.

दोन औषधं का देतात

व्हायव्हॅक्सच्या रुग्णाला साधारणपणे दोन औषधं मिळतात. क्लोरोक्विन ३ दिवस, प्रायमाक्विन १४ दिवस. लोकांना वाटतं पहिलं 'मोठं' औषध आणि दुसरं टॉनिकसारखं जोडलेलं. प्रत्यक्षात दोघांची कामं वेगळी आहेत.

डास चावला की परजीवी आधी यकृतात जातो. तिथे वाढून मग रक्तात उतरतो, तांबड्या पेशी फोडतो आणि ताप येतो. रक्तातल्या परजीवींना क्लोरोक्विन मारतं, म्हणून ताप उतरतो. पण व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतातच झोपून राहतात. ताप नाही, दुखणं नाही, रक्ताच्या तपासणीतही दिसत नाहीत. काही आठवड्यांनी, कधी कित्येक महिन्यांनी ते जागे होतात आणि नव्याने डास न चावताही मलेरिया परत येतो. या झोपलेल्यांपर्यंत क्लोरोक्विन पोचत नाही. प्रायमाक्विन पोचतं. आरोग्य खात्याच्या भाषेत याला 'समूळ उपचार' म्हणतात, आणि सरकारी शब्दांत क्वचित सापडतो इतका हा शब्द नेमका आहे.

माणसाच्या यकृतात व्हायव्हॅक्स वाढतो हे १९४८ साली लंडनमध्ये सिद्ध झालं. ते दाखवणाऱ्यांपैकी हेन्री शॉर्ट यांची आधीची बरीच वर्षं इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये गेली होती. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला डासाच्या पोटात परजीवी पाहिला तो १८९७ मध्ये. म्हणजे मधलं घर सापडायला ५० वर्षं लागली.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा एक आक्षेप हमखास ऐकू येतो: "आमच्या वेळी पाचच दिवस गोळ्या होत्या." ते खोटं बोलत नाहीत. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात कित्येक वर्षं प्रायमाक्विन ५ दिवसच दिलं जायचं. पुढे ५ आणि १४ दिवसांची तुलना झाली, तशी ती मुंबईतल्या रुग्णांवरही झाली, आणि ५ दिवसांनी ताप परतणं थांबत नाही हे दिसलं. म्हणून १४ दिवस आले. पाचव्या दिवशी थांबणारा माणूस नकळत जुनाच कोर्स घेत असतो.

पहिली गोळी गिळण्याआधी

इथे घाई करू नका. प्रायमाक्विन एक-दोन दिवस उशिरा सुरू झालं तर बिघडत नाही, क्लोरोक्विन मात्र लगेच सुरू व्हायला हवं. तोवर पुढच्या गोष्टी डॉक्टरांना सांगा, त्यांनी विचारल्या नाहीत तरी.

गरोदर असाल किंवा तशी शंका असेल तर प्रायमाक्विन नाही. पोटातल्या बाळाच्या रक्तात जी६पीडी (तांबड्या पेशींतला एक एन्झाइम, त्याबद्दल पुढे) पुरेसा आहे का, हे कुणालाच माहीत नसतं. अशा वेळी क्लोरोक्विनवर ताप आटोक्यात ठेवतात आणि प्रायमाक्विनचा विचार बाळंतपणानंतर करतात. पाळी चुकली असेल तर आधी तपासणी करा, मग गोळी. अंगावर पाजत असाल आणि बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर तेही सांगा, कारण बाळाची जी६पीडी तपासणी झालेली नसेल तर आईला हे औषध देत नाहीत. तान्ह्या बाळांनाही हे देत नाहीत. आमवात किंवा ल्युपस असेल, किंवा अस्थिमज्जेवर परिणाम करणारी औषधं चालू असतील तरी सांगा.

आणि जी६पीडी. हा आपल्या तांबड्या पेशींतला एक एन्झाइम. तो कमी असलेल्यांच्या पेशी प्रायमाक्विनने भराभर फुटू शकतात. ही गोष्ट कळली कशी, त्याचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही: अमेरिकेत इलिनॉयच्या स्टेटव्हिल तुरुंगातल्या कैद्यांवर मलेरियाच्या औषधांचे प्रयोग चालत, तिथे काही काळ्या कैद्यांचं रक्त या औषधाने घटू लागलं, आणि १९५६ मध्ये त्यामागे या एन्झाइमची कमतरता असल्याचं उलगडलं. त्याआधीच कोरियाच्या युद्धातून बोटीने परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांना हे औषध १४ दिवस सर्रास दिलं जात होतं.

ही कमतरता एक्स गुणसूत्रावरून येते, आणि मुलग्याला ते आईकडून मिळतं. म्हणून पुरुषांत जास्त उठून दिसते, आणि घरात चौकशी करायची तर मामाकडची करा: मामाला किंवा मावशीच्या मुलाला कधी एखाद्या औषधाने लघवी काळी झाली होती का? तुमच्या जन्मानंतर कावीळ लांबली होती का? डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे घातल्यावर बाळाला कावीळ झाल्याची गोष्ट घरात कुणी सांगतं का? सल्फा किंवा डॅप्सोन या औषधांनी पूर्वी त्रास झालाय का? पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत ही कमतरता तुलनेने जास्त आढळते, तिथे तर चाचणी आधी मागाच.

चाचणी साध्या रक्तावर होते. दोन बारकावे लक्षात ठेवा. एक, पेशी नुकत्याच फुटून गेल्या असतील तर रिपोर्ट खोटा 'नॉर्मल' येऊ शकतो, कारण उरलेल्या पेशी नव्या आणि एन्झाइमने भरलेल्या असतात. दोन, बायकांमध्ये अर्धवट कमतरता असू शकते. ती नुसत्या हो-नाही सांगणाऱ्या चाचणीतून निसटते, आकडा देणारी चाचणी लागते. कमतरता निघाली म्हणजे वाट बंद झाली असंही नाही. काही रुग्णांना डॉक्टर आठवड्यातून एकदा, ८ आठवडे, देखरेखीखाली औषध देतात. ते घरी स्वतःच्या हिशेबाने करायचं काम नव्हे.

गोळ्या मोजून घ्या

नेहमीचा हिशेब किलोमागे रोज ०.२५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला रोज १५ मिलिग्रॅम, १४ दिवसांत एकूण २१०. आता गोंधळ कुठे होतो ते बघा. हीच गोळी बाजारात २.५, ७.५ आणि १५ मिलिग्रॅममध्ये मिळते. म्हणजे याच माणसाला पूर्ण कोर्ससाठी १५ च्या १४, ७.५ च्या २८, किंवा २.५ च्या तब्बल ८४ गोळ्या लागतील. सरकारी दवाखान्यात २.५ च्या गोळ्या मिळाल्या आणि रोज सहा खायला सांगितल्या तर घाबरू नका, बेरीज तीच आहे. उलट खासगी दुकानात १५ च्या गोळ्या मिळाल्या आणि शेजारणीने "मला रोज सहा होत्या" असं सांगितलं, तर तिचं ऐकू नका. सहा गुणिले १५ म्हणजे ९०. विषबाधाच.

म्हणून दुकानातून निघण्याआधी तीन गोष्टी स्वतः वाचा: स्ट्रिपवरचा आकडा, चिठ्ठीवरचा रोजचा डोस, आणि एकूण गोळ्या. गुणाकार जुळला पाहिजे. "सध्या पाच दिवसांच्या द्या, लागल्या तर नेतो" असं म्हणू नका. दुकानदार म्हणून सांगतो, परत कुणी येत नाही. सरकारी दवाखान्यात औषध मोफत आहे, तिथेही चौदा दिवसांच्या मागून घ्या.

मुलांचा डोस वयावर किंवा वजनावर असतो. राष्ट्रीय तक्त्यात १ ते ४ वर्षांना २.५ ची एक गोळी रोज, ५ ते ८ ला दोन, ९ ते १४ ला चार, त्यापुढे सहा. हे माहितीसाठी, घरी तक्ता लावून मुलाला औषध सुरू करू नका. अंगाने भरलेल्या माणसाने मात्र एक प्रश्न जरूर विचारावा: "माझं वजन ८५ किलो आहे, १५ पुरेल का?" ठरावीक डोस वजनाला कमी पडला तर ताप परतू शकतो, आणि डॉक्टर डोस वाढवायचा का ते ठरवतील.

१४ दिवसांची घडी

घरी गेल्यावर बॉलपेन घ्या आणि स्ट्रिपच्या मागे प्रत्येक गोळीवर १ ते १४ लिहा. रोज दोन गोळ्या असतील तर दोघींवर एकच आकडा. मग पहिल्या दिवसाची तारीख दिनदर्शिकेवर, आणि शेवटच्या दिवसावर गोल. गणपतीत किंवा गावी जायच्या गडबडीत दहावा दिवस की अकरावा, हा वाद स्ट्रिप मिटवते. मोबाइलचा गजर लावा, पण गजर बंद करून झोपणारे मी खूप पाहिलेत. जेवणाच्या ताटाजवळ स्ट्रिप ठेवणं जास्त चालतं.

कारण गोळी जेवणानंतरच घ्यायची आहे. रिकाम्या पोटी घेतली तर मुरडा, मळमळ, उलटी ठरलेली, आणि मग माणूस म्हणतो औषध सोसत नाही. भरल्या पोटावर घ्या, दुपारचं किंवा रात्रीचं जेवण, रोज एकच वेळ. तापात जेवण जात नसेल तर मऊ भात, पेज, दूध-पोळी, काहीतरी पोटात हवं. क्लोरोक्विनही रिकाम्या पोटी नको. मुलाला गोळी कुटून द्यायची असेल तर साखरेच्या पाण्यात किंवा केळ्यात. चव कडू असते, पहिल्याच दिवशी भांडण झालं तर पुढचे तेरा दिवस तुमचेच.

गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तोच डोस परत घ्यावा लागतो. त्यानंतर झाली असेल तर दवाखान्यात विचारा. एखादा दिवस चुकला तर आठवल्यावर त्या दिवसाची गोळी घ्या आणि कोर्स एक दिवस पुढे सरकवा. दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊन हिशेब पुरा करू नका. तीन-चार दिवसांचा खंड पडला असेल तर स्वतः ठरवू नका, डॉक्टरांना सांगा.

सगळ्यात धोक्याचा दिवस चौथा किंवा पाचवा. ताप गेलेला असतो, तोंडाला चव आलेली असते, सुट्टी संपलेली असते. ओळखीतल्या कुणाला मलेरिया झाला तर पाचव्या दिवशी त्याला फोन करून एवढंच विचारा: "आज कितवी गोळी?"

रोज सकाळी लघवीचा रंग बघा

थोडा संकोच वाटेल, पण पहिले ७-८ दिवस हे करायचंच. पेशी फुटत असतील तर त्याची खूण बहुधा इथेच आधी मिळते. पाणी कमी पडल्यावर येणारा गडद पिवळा रंग वेगळा, दोन तांबे पाणी प्यालात की तो फिकट होतो. इथे दिसतो तो कोऱ्या चहासारखा तपकिरी, किंवा कोकमाच्या आगळासारखा लालसर काळपट रंग, आणि तो पाण्याने जात नाही. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर लघवी केशरी होतेच, तेही डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. संडासच्या रंगीत टाइल्सवर कळत नाही, पांढऱ्या वाटीत किंवा पारदर्शक बाटलीत उजेडात बघा.

लघवी अशी झाली, डोळे पिवळे झाले, चेहरा पांढराफटक पडला, जिना चढताना धाप लागली, पाठीत किंवा पोटात दुखायला लागलं, किंवा ओठ निळसर दिसले, तर पुढची गोळी घेऊ नका. त्याच दिवशी दवाखाना, स्ट्रिप सोबत घेऊन. "उद्या बघू" ही इथे चूक ठरते. आणि ज्याला असा त्रास झाला त्याच्या केसपेपरवर ते कायमचं लिहून घ्या, म्हणजे दुसऱ्या गावी दुसरा डॉक्टर पुन्हा तेच देणार नाही.

याउलट थोडी मळमळ, पोटात हलका मुरडा, हे जेवणानंतर गोळी घेऊन बहुतेकदा सोसवतं. त्यासाठी कोर्स सोडू नका.

गुंगी, बडबड, झटके, पाणीही न टिकणं, धाप, लघवी अगदी कमी होणं किंवा कुठून रक्त येणं, ही मलेरियाच अंगावर आल्याची लक्षणं आहेत. तिथे गोळ्यांचा प्रश्न नाही, रिक्षा बोलवा.

पीएफ असेल तर

इथे प्रायमाक्विन एकदाच देतात, साधारणपणे उपचाराच्या दुसऱ्या दिवशी, आणि तो डोस मोठा असतो: किलोमागे ०.७५ मिलिग्रॅम, मोठ्या माणसाला ४५. मुख्य उपचार आर्टेमिसिनिनवर आधारलेल्या जोडगोळीचा, ३ दिवसांचा; सरकारी पाकिटं वयानुसार रंगांची असतात, मोठ्यांचं पांढरं. फाल्सिपेरमला यकृतात झोपायची सवय नाही. तरीही ही एक मात्रा देतात, कारण तिने रक्तातले नर-मादी परजीवी मरतात आणि तुम्हाला चावलेल्या डासामार्फत मलेरिया शेजाऱ्याकडे जात नाही. घरात एकाला पीव्ही आणि दुसऱ्याला पीएफ झाला तर दोघांची पाकिटं वेगवेगळ्या खणात ठेवा. हा गोंधळ मी प्रत्यक्ष पाहिलाय.

कोर्स पुरा झाला आणि ताप परत आला तर

पुन्हा रक्त तपासा. जुना रिपोर्ट जपून ठेवा, तारखेसह. दोन तापांमधलं अंतर डॉक्टरांना उपयोगी पडतं. पूर्ण १४ दिवस घेऊनही कधीकधी परततं: डोस वजनाला कमी पडलेला असतो, किंवा काहींच्या यकृतात हे औषध नीट कामी येत नाही, किंवा खरोखरच नवा डास चावलेला असतो. मुंबईत अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी हा मलेरियाचा डास गच्चीवरच्या टाक्यांत, विहिरींत आणि बांधकामावरच्या साचलेल्या पाण्यात वाढतो, तेव्हा टाकीचं झाकण एकदा वर जाऊन बघाच. गोव्यात बांधकाम मजुरांसाठी मलेरियाचं आरोग्य कार्ड सक्तीचं केलं ते याच कारणाने.

एका गोळीत काम करणारं टॅफेनोक्विन २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ऐकून लोक खूश होतात. पण ते शरीरात बराच काळ राहतं, त्रास झाला तर थांबवता येत नाही, आणि त्याआधी जी६पीडीचा आकडा देणारी चाचणी लागतेच. प्रायमाक्विनची गोळी निदान उद्यापासून बंद तरी करता येते.

पूर्ण बरं वाटल्यावर ३ महिने रक्तदान करू नका, आणि शिबिरात फॉर्म भरताना मलेरिया झाला होता हे लपवू नका.

उरलेल्या गोळ्यांचं मी त्या वॉचमनला सांगितलं ते असं: भावाला ताप आला तर त्याचं रक्त तपासायचं, त्याची जी६पीडी बघायची, त्याच्या नावाची चिठ्ठी आणायची. नाव आणि मुदत पुसलेली स्ट्रिप कुणाच्याच कामाची नाही. नऊ गोळ्या मी काउंटरमागच्या डब्यात टाकल्या आणि नव्या चिठ्ठीवरच्या चौदा गोळ्यांवर त्याच्यासमोर आकडे घातले. पाचव्या दिवशी संध्याकाळी तो बिडीचं बंडल घ्यायला शेजारच्या टपरीवर आला, तेव्हा मी इथूनच ओरडून विचारलं, "आज कितवी?" त्याने लांबूनच हाताची पाच बोटं दाखवली.